फुकटातलं सर्वात स्वस्त

तीन कोटेशनं आल्याशिवाय ताराचंद बोरकर कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाहीत, हे नागपुरातल्या अख्ख्या नंदनवन वस्तीला ठाऊक आहे. गल्लीच्या तोंडाशी त्यांना पाहिलं की भाजीवाल्या आपसात डोळ्यांनी खुणा करतात आणि तिघी मिळून एकच भाव सांगतात. सरकारी भांडार शाखेत त्यांची हयात गेली. खिळ्यापासून जनरेटरपर्यंत जे काही घ्यायचं त्याचे दर मागवायचे, दरांचा तुलनात्मक तक्ता करायचा, सर्वात कमी दराखाली लाल रेघ ओढायची आणि फाइल वर पाठवायची. ताराचंदजी निवृत्त झाले तरी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातलं लाल पेन अजून नोकरीत होतं.

म्हणून पियुषनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, आखातातून जेव्हा निरोप धाडला की बाबा, बारशाच्या दिवशी व्हिडिओ कॉलसाठी एखादं फुकटचं अ‍ॅप फोनमध्ये घेऊन ठेवा, तेव्हा आपण कोणतं चक्र फिरवतोय याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती. बापाच्या घरात तो वाढला होता खरा, पण बापाच्या शाखेत कधी बसला नव्हता.

अडचण साधी होती. पियुष आणि मेघा ज्या देशात राहतात तिथल्या कायद्यानं आपल्या नेहमीच्या हिरव्या अ‍ॅपवरून कॉल लागत नाहीत. फोटो जातात, लिहिलेलं जातं, कॉल तेवढा अडतो. नातू होऊन सव्वा महिना उलटला होता. मेघाची आई बाळंतपणासाठी तिकडे गेलेली. त्यामुळे एक आजी नातवाला तेल लावत होती आणि दुसरी आजी, म्हणजे आपल्या वच्छलाबाई, त्याचे फोटो बोटांनी मोठे करकरून पाहत होत्या. आता बारसं ठरलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या, म्हणजे पियुषची बहीण भूमिका, इथेच नागपुरात, धरमपेठेत. तिच्या बँकेनं रजा नाकारली. पाळणा तिकडे, आत्या इकडे, आणि नाव कुणाला न सांगता आत्यानं पोटात ठेवलेलं. त्या दिवशी ते नाव त्या कानात पोचावं आणि वच्छलाबाईंना नातू हलताना-चुळबुळताना दिसावा, एवढंच तर काम होतं.

पियुषनं निरोपाच्या शेवटी लिहिलंही होतं की इकडे आम्ही सगळे ‘खिडकी’ नावाचं अ‍ॅप वापरतो, त्याला इथे परवानगी आहे, लिंक दाबली की झालं. हे वाचून ताराचंदजी हसले. अनुभवी माणूस नवख्याला हसतो तसे हसले.

“ज्याले माल वापराचा आहे, त्यानंच कंपनीचं नाव सुचवाचं नसते,” त्यांनी वच्छलाबाईंना समजावलं. “ते नियमात नाही बसत. आपण रीतसर जाऊ.”

वच्छलाबाई म्हणाल्या, “मले लेकराले पाहाचं आहे जी. रीतीचं मले काय करा लागते?”

“पाहशीन. पन रीतसर पाहशीन.”

आणि त्यांनी पट्टी घेऊन कागदावर रेघा ओढायला सुरुवात केली. त्या दिवशी त्यांनी चहा गार होऊ दिला, दुपारची झोप टाळली, आणि वर शीळही घातली म्हणतात. शीळ घालणारे ताराचंदजी शेजाऱ्यांनी पहिल्यांदाच ऐकले.

आता रीत म्हटली की समिती आली. एकट्या माणसानं निर्णय घेतला तर उद्या चौकशी लागली की मान त्याचीच अडकते, हे ताराचंदजींचं जन्माचं तत्त्वज्ञान. फुकटच्या अ‍ॅपची चौकशी कोण लावणार, असं विचारू नका. चौकशी कुणी लावावी लागत नाही, ती लागते. तेव्हा समितीत पहिले सदस्य घेतले समोरच्या घरातले जितेंद्र. हे विम्याचं काम करतात, दोन फोन बाळगतात आणि दोन्ही एकदम वाजले की फार खूश होतात. दुसऱ्या सदस्या शेजारच्या कौशल्याबाई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण हे फक्त शाळेला कळलं, त्यांना नाही. तिसरे अर्थातच ताराचंदजी, अध्यक्ष.

समितीची बैठक बोरकरांच्या हॉलमध्ये कूलरपुढे झाली. कूलरचा हा मोठा आवाज. त्यामुळे प्रत्येकानं आपलं म्हणणं ओरडून मांडलं आणि जे ओरडून मांडलं जातं ते माणसाला स्वतःलाच फार पटतं. जितेंद्र ‘कॉलमित्र’चे. त्यात आपण आणखी कुणाला ओढलं की आपल्याला पॉइंट मिळतात, आणि पॉइंटांचं पुढे काय होतं हे त्यांनी अजून विचारलं नव्हतं. कौशल्याबाई ‘बोलचाल’च्या. त्यात सर्वांची तोंडं आधी बंद असतात आणि ज्याला बोलायचं त्यानं हात वर करायचा; जगात याहून चांगली वस्तू निघणं शक्य नाही असं त्यांचं मत होतं. ताराचंदजींनी स्वतः ‘पिंगो’ आणि ‘टुकटुक’ शोधून काढली होती. कूलरकडे पाहत अध्यक्षांनी पहिली अट घातली की अ‍ॅपमध्ये गोंगाट गाळायची सोय असलीच पाहिजे. ती एकमतानं मंजूर झाली, कारण दुसरं काही कुणाला ऐकू आलं नाही.

‘खिडकी’ पहिल्याच फेरीत बाद झाली. ताराचंदजींनी तिची माहिती काढली तर काय, हिला मालकच नाही. जगभरच्या पोरांनी मिळून लिहिलेलं, कुणीही उघडून वाचावं, कुणीही दुरुस्त करावं, घ्यायला पैसे नाहीत आणि विकायला दुकान नाही. नाव-पत्ता मागत नाही, नोंदणी नाही, नुसती लिंक.

“मालकच नाही तर कोटेशनवर सही कोणाची घेऊ?” ताराचंदजींनी समितीला विचारलं. त्यांनी ‘खिडकी’पुढे लाल पेनानं ‘अपात्र’ लिहिलं. चहाचे कप उचलायला आलेल्या वच्छलाबाईंनी ते पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं, आणि ट्रे घेऊन आत गेल्या.

राहिली चार. आता नमुना चाचणी. इथे ताराचंदजींनी समितीला एक गोष्ट ठासून सांगितली की मंजुरी होईपर्यंत आखाताकडे एकही कॉल जाणार नाही. मंजुरीआधी माल वापरणं म्हणजे गैरव्यवहाराची पहिली पायरी. चाचण्या होतील त्या नागपूर आणि उमरेडच्या हद्दीत. वच्छलाबाईंनी दारातून विचारलं की निदान एकदा, मिनिटभर, पोराचं तोंड. ताराचंदजींना वाईट वाटलं नाही असं नाही. पण ज्या माणसानं सख्ख्या साडूचं फर्निचरचं कोटेशन उशिरा आलं म्हणून न उघडता परत केलं होतं, तो एका मिनिटासाठी काय विरघळणार. त्या साडूंशी बोलणं अजून बंदच आहे.

पिंगोपासून आरंभ झाला. पिंगो फोनमध्ये शिरलं आणि आधी त्यानं काय केलं, तर फोनमधल्या झाडून साऱ्या नंबरांना निरोप धाडला: ‘ताराचंद पिंगोवर आले आहेत. त्यांना मिठी मारा.’ सोबत लाल हृदय. हा निरोप गॅसवाल्याला गेला, दूधवाल्याला गेला, साडूंना गेला, आणि ज्या अधीक्षक साहेबांशी ताराचंदजींनी नोकरीची शेवटची वर्षं फक्त लेखी संभाषण केलं होतं त्यांनाही गेला. साहेबांनी उलट टपाली मिठी पाठवली. साडूंनी पाठवली नाही. गॅसवाल्यानं विचारलं की सिलिंडर पाहिजे काय. ताराचंदजींनी सर्वांना खुलाशाचे निरोप लिहिले. त्यात अख्खी दुपार गेली.

मग पिंगोला संशय आला की एवढे खुलासे धाडणारा हा माणूस नसून यंत्र असावं. त्यानं चित्रं दाखवली आणि विचारलं, यातल्या कोणत्या चित्रांत रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे आहेत? ताराचंदजी चष्मा पुसून बसले. नागपुरात जन्म गेलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणं हा अन्याय आहे. आमच्याकडे पट्टे असतात, पण ते पुसट असतात, त्यांच्यावर ऑटो उभा असतो आणि ऑटोत ऑटोवाला झोपलेला असतो. त्यांनी एक चित्र दाबलं, ते चुकलं. दुसऱ्या खेपेला समितीला बोलावलं. कौशल्याबाई म्हणाल्या ते पट्टे, जितेंद्र म्हणाले ती सावली, आणि मतभेद मिटेपर्यंत पिंगोनं ताराचंदजींना यंत्र ठरवून खातं कुलूपबंद केलं.

सरकारी नोकराला यंत्र म्हणणारे त्यांनी खूप पाहिले होते, पण तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. आपण माणूस आहोत हे सिद्ध करायला ते उन्हातान्हात धरमपेठेतल्या मोबाइलच्या दुकानात गेले. सोबत आधार कार्ड, निवृत्तीचा आदेश आणि हयातीचा दाखला. टोकन घेतलं, बसले, नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं हयातीचा दाखला आदरानं हातात घेऊन वाचला आणि म्हणाली की काका, तुम्ही हयात आहात हे मला मान्य आहे, पण हे अ‍ॅप आमचं नाही. मग तिनं फोनचं कव्हर दाखवलं. ते कव्हर घेऊन घरी आले. तीन कोटेशनं न मागवता घेतलेली ही त्यांच्या आयुष्यातली पहिली वस्तू, म्हणून तिचा उल्लेख कुठेही करायचा नाही असं त्यांनी वच्छलाबाईंना बजावलं. खातं मात्र दुसऱ्या दिवशी आपसूक उघडलं.

टुकटुकच्या चाचणीसाठी उमरेडहून त्यांची थोरली बहीण बायजाबाई बसली. बायजाबाई म्हणजे जन्मभर मागावर बसलेली बाई. धागा तुटला तर अंधारात जोडेल, पण फोनला ती अजून दोन्ही हातांनी धरते. कॉल लागला आणि पडद्यावर बायजाबाई आल्या. कपाळावर कुंकू, नाकात नथ, आणि डोक्यावर सशाचे दोन गुलाबी कान. टुकटुकची ही खासियत. ते कान बायजाबाईंनी मान हलवली की हलायचे आणि त्या रागावल्या की उभे व्हायचे.

“काहून गा ताराचंदा,” त्या म्हणाल्या, “म्हातारपणी बहिणीले हे असं करतेत काय?” कान ताठ उभे होते. ताराचंदजींनी खूप बटणं दाबली. त्यानं कान गेले नाहीत, उलट मिशा आल्या. चाचणीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘चित्र स्पष्ट. सजावट जास्त.’

मग बोलचालवर रंगीत तालीम. भूमिकेला धरमपेठेहून मुद्दाम बोलावलं. उमरेडच्या बायजाबाईंना बाळ नेमलं. बाळानं फोन कानाला लावून पडून राहायचं, भूमिकेनं इकडून नाव कुजबुजायचं, आणि समितीनं ‘कुर्रर्र’ करून तिच्या पाठीत धपाटे घालायचे. खरं नाव फुटू नये म्हणून तालमीसाठी ‘गोलू’ ठरलं. कूलर फुल सोडला होता, कारण गाळणीची परीक्षा घ्यायची होती. कौशल्याबाईंनी हात वर केला, सर्वांना परवानगी मिळाली. भूमिका फोनशी वाकून कुजबुजली. समितीनं कुर्रर्र केलं. कौशल्याबाईंचा हात शाळेतला, तो भूमिकेच्या पाठीत असा बसला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

उमरेडहून बराच वेळ काही उत्तर आलं नाही. मग बायजाबाई उठून बसल्या. “मी बाळ होऊन पडली आहो कवापासून,” त्या म्हणाल्या, “पन मले काहीच ऐकू नाही येऊन राहिलं. तुमी नुसते तोंड हालवून राहिले.”

झालं होतं असं की बोलचालनं कूलर गाळला, तशी कुजबुजही गाळली, आणि कुर्रर्र तर त्याच्या लेखी शुद्ध गोंगाट. भूमिका म्हणाली की बाबा, हे चालणार नाही, सरळ खिडकी घ्या. ताराचंदजींनी लिहिलं, ‘त्रुटी किरकोळ.’ कॉलमित्रची चाचणी घ्यावीच लागली नाही. जितेंद्र दिवसभर त्यावरून गल्लीतल्या लोकांना फोन करून विमा समजावत होते, ती चाचणीच समजली गेली.

या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट मात्र ताराचंदजींच्या लक्षात आली होती, पण डोक्यात शिरली नव्हती. वच्छलाबाईंची कुरकुर थांबली होती. रोज दुपारी त्या गच्चीवर वाळवणाला जायच्या आणि बराच वेळ यायच्या नाहीत. कुरड्या कधीच्या वाळून डब्यात गेल्या, तरी जायच्या. खाली आल्या की चेहरा हसरा. एकदा ताट वाढताना म्हणाल्या की आज त्याले उचकी लागली होती, मग आपोआप थांबली. ताराचंदजी तक्त्यात बुडालेले. आजकालच्या फोटोत उचकीही दिसते वाटतं, एवढं मनात येऊन गेलं. आपण रीतीनं चाललो म्हणून बाईच्या जीवालाही स्वस्थता आली, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला आणि त्यांची छाती थोडी फुगली.

तक्ता पुरा झाला. दराच्या रकान्यात चारही अ‍ॅपांपुढे एकच आकडा होता, शून्य. लाल पेन त्या शून्यांवर घिरट्या घालत राहिलं. सर्वात कमी दराखाली रेघ मारायची, तर चौघंही सर्वात कमी. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं संकट आलं नव्हतं. पण नियमाला सगळं ठाऊक असतं. दर सारखे आले तर पुरवठादारांना लिहून आणखी सवलत मागायची, हा नियम. ताराचंदजींनी चारही कंपन्यांना लिहिलं की आपण शून्याच्या खाली कितपत येऊ शकाल ते कृपया कळवावं. तिघांनी कळवलं नाही. चौथ्याकडून उत्तर आलं की आपला प्रश्न आमच्यासाठी मोलाचा आहे. ते वाचून त्यांना आपल्या कार्यालयाची फार आठवण झाली.

आता सवलतही नाही म्हटल्यावर पुढचा नियम. दर सारखे असतील तर ऑर्डर सर्वांत सारखी विभागून द्यावी. म्हणजे कुणावर अन्याय नाही, चौकशी नाही. ताराचंदजींनी लाल शाईत आदेश काढला. आखातासाठी बोलचाल. उमरेडच्या बायजाबाईंसाठी टुकटुक. वच्छलाबाईंचा भाऊ गोविंदा पुण्याला, त्याच्यासाठी पिंगो. आणि समारंभाला येऊ न शकणाऱ्या शेजाऱ्यांसाठी कॉलमित्र. जितेंद्रनं विचारलं की काकाजी, हे चार जण एकमेकांना दिसतील कसे? ताराचंदजींनी आत्मविश्वासानं सांगितलं की चार फोन एका टेबलावर, तोंडाला तोंड लावून ठेवायचे. व्यवस्था माझ्यावर सोड.

बारशाचा दिवस उजाडला. हॉलमध्ये सतरंजी, दाराला तोरण, स्वयंपाकघरात वच्छलाबाईंच्या घुगऱ्या शिजत होत्या. भूमिका पैठणी नेसून आली. टेबलावर चार फोन स्टीलच्या चार डब्यांना टेकवून समोरासमोर उभे. त्यात एक ताराचंदजींचा, एक भूमिकेचा, दोन जितेंद्रचे. वच्छलाबाईंचा फोन त्यांनी मागितलाच नव्हता. कूलर घरघरत होता. ताराचंदजींनी नवा सदरा घातला होता आणि खिशाला पेन होतं.

आधी उमरेड लागलं. बायजाबाई कानांसकट आल्या. मग गोविंदा लागला. त्याच्या तोंडचा नमस्कार पिंगोतून निघून टुकटुकात शिरला, तिथून उमरेडला जाऊन परत आला, कॉलमित्रनं तो आणखी चौघांना दिला, आणि अशी एक किंकाळी फुटली की दारातला कुत्रा उठून गेला. गोविंदा ओरडून विचारत होता की काय झालं, आणि त्याचा प्रश्न त्यालाच तीन-तीनदा ऐकू जात होता. बायजाबाई ताठ कानांनी पुन्हापुन्हा म्हणत होत्या, “कोन वरडून राहिलं गा?” ताराचंदजी डबे मागेपुढे सरकवत होते. त्यात घुगऱ्यांचा गूळ ठेवलेला डबा उपडा झाला.

आणि आखात? बोलचालनं आखातासाठी एकच वाक्य दाखवलं: ‘ही सेवा आपल्या भागात उपलब्ध नाही.’ ताराचंदजींनी पुन्हा लावलं. तेच वाक्य. समितीला दाखवलं. कौशल्याबाईंनी हात वर केला, काही उपयोग झाला नाही. ज्या ठिकाणी माल लागायचा होता, त्या एका ठिकाणी तो तपासायचा राहून गेला होता. नियमानंच राहून गेला होता.

हिरव्या अ‍ॅपवर पियुषचे निरोप येऊ लागले. बाबा, आम्ही तयार आहोत. बाबा, पाळणा सजवला आहे. बाबा, तो आता झोपेला आला आहे, रडतो आहे. भूमिका पैठणीचा पदर सावरत उभी, तिच्या पोटातलं नाव पोटातच. ताराचंदजींच्या कानशिलावरून घाम ओघळला. एवढी टेंडरं उघडली, एवढे खिळे, एवढे जनरेटर, आणि एका तान्ह्या लेकराच्या कानापर्यंत एक नाव आपल्याला पोचवता येऊ नये. त्यांना खरोखर रडू आलं. आपण कूलरच्या पाण्याकडे पाहतोय असं दाखवत ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

तेव्हा वच्छलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. चारही फोन त्यांनी एकामागून एक पालथे केले. किंकाळी थांबली. मग ब्लाउजात खोचलेला आपला फोन काढला आणि एक लिंक दाबली.

पडद्यावर पियुष आला, मेघा आली, फुलांचा पाळणा आला. वच्छलाबाईंनी ती लिंक तशीच बायजाबाईंना आणि गोविंदाला धाडली. तेही आले. बायजाबाई कानांविना आल्या, त्या घटकाभर कुणाला ओळखूच येईनात. पाळण्यातलं बाळ टाहो फोडून रडत होतं.

“काय झालं रे माह्या राजा,” वच्छलाबाई म्हणाल्या.

बाळ रडायचं थांबलं. त्यानं मान वळवून आवाजाकडे पाहिलं. रोजचा आवाज ओळखावा तसं पाहिलं.

“आई, कूलरचा आवाज फार येतो आहे,” मेघा तिकडून म्हणाली. खिडकीत गाळणी नव्हतीच; जे असेल ते सगळं पलीकडे जायचं. वच्छलाबाईंनी ताराचंदजींकडे पाहिलं. त्यांनी जाऊन कूलर बंद केला, वर पंखाही बंद केला. भर वैशाखात त्या हॉलमध्ये कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेईना. पियुषनं फोन बाळाच्या कानाशी नेला. भूमिका वाकली आणि कुजबुजली. तिकडून मेघाच्या आईचा आवाज आला, “ऐकू आलं. ओजस.” मग दोन्हीकडून कुर्रर्र उठलं आणि कौशल्याबाईंचा हात पुन्हा भूमिकेच्या पाठीत बसला. या खेपेला तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते धपाट्यामुळे नव्हतं. वच्छलाबाई तर उघड उघड रडत होत्या आणि हसत होत्या.

घुगऱ्या वाटून झाल्या, मंडळी गेली. ताराचंदजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“कवापासून चालू आहे हे?” त्यांनी विचारलं.

“तुमी अपात्र लिवलं ना, त्याच दिवसापासून. मेघानं लिंक धाडली, मी दाबली.”

“मंग मले काहून नाही सांगतलं?”

वच्छलाबाईंनी पातेलं घासता घासता मान वर केली. “तुमच्या कमिटीत मी होती काय?” मग हळू आवाजात त्या म्हणाल्या, “अन् रिटायर झाल्यापासून तुमाले एवढं खूश कधी पाह्यलं नव्हतं जी. शीळ वाजवून राहिले होते. म्हटलं, चालू द्या.”

ताराचंदजी हॉलमध्ये गेले, तक्ता काढला. ‘खिडकी’पुढचं ‘अपात्र’ खोडलं आणि तिथे सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘सौ. वच्छला यांच्या शिफारशीवरून कार्योत्तर मंजुरी.’ लाल रेघ मारली आणि सही केली. मनुष्य हरला तरी प्रकरण निकाली निघालं पाहिजे, आणि ते निघालं याचं त्यांना चक्क समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वच्छलाबाई गच्चीवर निघाल्या, तसे तेही जिना चढून मागे गेले आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत, परवानगीची वाट पाहत उभे राहिले. वच्छलाबाईंनी सतरंजीवर जरा सरकून जागा केली. लिंक दाबली. ओजस आला, आजीचा आवाज ऐकून पाय झाडू लागला. मग पडद्यात आजीच्या शेजारी एक चष्मा आणि मोठ्या मिशा आल्या. ओजसनं क्षणभर निरखून पाहिलं आणि जो भोकाड पसरला तो थांबेना.

ताराचंदजी घाईघाईनं उठायला लागले. वच्छलाबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

“बसा,” त्या म्हणाल्या. “तुमचा नमुना तपासून राहिला तो. मंजुरीले वेळ लागतेच.”